पंधरा खाटांचं हॉस्पिटल आणि एक लोखंडी कपाट : कायद्याची कागदपत्रं कशी लावायची

तपासणीला आलेल्या मॅडमनी सोनोग्राफीच्या मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्ची ओढली, पाणी नको म्हणाल्या आणि मागच्या महिन्याचा ‘फॉर्म एफ’चा, म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीआधी भरायच्या फॉर्मचा, गठ्ठा मागितला. सातवा की आठवा फॉर्म काढून माझ्यासमोर धरला. पेशंटच्या प्रतिज्ञापत्राखाली निळा अंगठा होता. तो कुणासमोर घेतला त्याचं नाव, नातं आणि सही या तिन्ही जागा कोऱ्या. बाई ऊसतोडीची. सोबत आलेली सासू नेमकी तेव्हा खाली चहाला गेलेली. काउंटरवरचा पोरगा म्हणाला असणार, "नंतर भरून घेऊ की, सर." ते ‘नंतर’ काही आलं नाही.

आम्ही कधी कुणाला मुलगा-मुलगी सांगितलेलं नाही, हे त्या टेबलावर बोलून उपयोग नव्हता. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४(३) प्रमाणे रेकॉर्डमधली त्रुटी हेच कलम ५ किंवा ६ चं (लेखी संमती आणि गर्भलिंगनिदानावरची बंदी) उल्लंघन धरलं जातं आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी डॉक्टरवर येते. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं याविरुद्ध सुप्रीम कोर्टात दाद मागितली होती. २०१९ मध्ये कोर्टानं तरतूद कायम ठेवली. आमचं लेखी खुलाशावर निभावलं. पण त्या दिवसानंतर परभणी जिल्ह्यातलं आमचं पंधरा खाटांचं हॉस्पिटल मी कागदाच्या बाजूनं पुन्हा नव्यानं लावलं. मी फिजिशियन, बायको स्त्रीरोगतज्ज्ञ, वकील घरात कुणी नाही. पुढचं सगळं त्या अनुभवातून आलेलं आहे. तुमच्याकडे दहा खाटा असोत की तीस, क्रम साधारण हाच ठेवा.

आधी एक पान, आणि त्या पानाला एक माणूस

कपाटाच्या दाराला आतून एक पान चिकटवा. त्यावर पाच रकाने : परवाना, तो देणारं कार्यालय, संपायची तारीख, अर्ज कधी करायचा, आणि कुणी करायचा. शेवटच्या रकान्यात ‘ऑफिस’ लिहू नका, माणसाचं नाव लिहा. ‘ऑफिस’ लिहिलेली कामं आमच्याकडे दोनदा हुकली आहेत. नाव लिहिलेलं काम अजून हुकलेलं नाही.

पानावर पहिली ओळ ‘बॉम्बे नर्सिंग’ची. कायद्याचं नाव आता महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ असं असलं तरी जिल्ह्यात सगळे अजून बॉम्बे नर्सिंगच म्हणतात. नोंदणी तीन वर्षांची असते. महापालिका हद्दीत असाल, म्हणजे संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड किंवा लातूर, तर महापालिकेचा आरोग्य विभाग. बाहेरच्यांनी बहुतेक ठिकाणी जिल्हा शल्यचिकित्सकांचं कार्यालय. तिथून मिळणारा ‘फॉर्म सी’, म्हणजे नोंदणीपत्र, विमा कंपन्या आणि टीपीए (विम्याचे दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्था) पहिल्यांदा मागतात, म्हणून त्याची स्कॅन कॉपी मोबाइलमध्येही असू द्या.

नेटवर मिळणाऱ्या चेकलिस्टांपासून जरा जपून. त्यातल्या बऱ्याच २०१० च्या केंद्रीय क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्यावर बेतलेल्या असतात. तो कायदा महाराष्ट्रानं स्वीकारलेला नाही. आपल्याला १९४९ चा कायदा आणि २०२१ मध्ये सुधारलेले त्याचे नियम लागू. या सुधारित नियमांमुळे रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. आणि बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. हे शेवटचं वाक्य रात्रपाळीच्या काउंटरवाल्याला तोंडी सांगून भागत नाही, त्याच्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवा. असले प्रसंग रात्री दोनलाच येतात आणि तेव्हा निर्णय घेणारा तोच असतो.

बाकीच्या ओळी पटापट : सोनोग्राफी केंद्राची नोंदणी पाच वर्षांची. गर्भपात केंद्राची मान्यता जिल्हा समितीकडून. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र. एक्स-रे आणि सी-आर्मची (थिएटरमधलं फिरतं एक्स-रे यंत्र) अणुऊर्जा नियामक मंडळाकडची नोंदणी, जी ‘ई-लोरा’ पोर्टलवर होते, आणि तंत्रज्ञाच्या खिशाला किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज. मेडिकल दुकान हॉस्पिटलचंच असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना. प्रत्येक डॉक्टरची कौन्सिल नोंदणी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी, त्यासाठी वैद्यकीय परिषदा-कार्यशाळांतून मिळणारे ३० क्रेडिट पॉइंट लागतात. ते शेवटच्या महिन्यात गोळा करायला निघालेले कितीतरी मित्र मी पाहिलेत, त्यात एकदा मीही होतो. इन्डेम्निटी विम्याची (पेशंटनं दावा लावला तर लागणारा) तारीखही याच पानावर टाका. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखालची अंतर्गत समिती लागतेच. आपल्याकडे सिस्टर आणि मावशी धरल्या की दहाचा आकडा केव्हाच ओलांडलेला असतो.

सोनोग्राफीची खोली

इथं मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण मराठवाड्यात या कायद्याला इतिहास आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ८९४ होत्या. २०१२ मध्ये परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण उघडकीला आलं आणि राज्यभर तपासण्या कडक झाल्या. त्यामुळे आपल्या भागात अधिकारी कागद बारकाईनं पाहतात, आणि पाहावाच, असं माझं प्रामाणिक मत आहे.

फॉर्म एफ पेशंट टेबलावर झोपायच्या आधी भरायचा. त्यात पेशंटची हयात मुलं, त्यांचं लिंग आणि वय, पाठवणाऱ्या डॉक्टरचं नाव, शेवटच्या पाळीची तारीख, तपासणीचं कारण हे सगळं येतं. कारणांची २३ कलमी यादी छापलेली असते. सगळ्यांना एकाच कलमावर टिक मारली की ती यादी स्वतःच बोलू लागते. चिठ्ठी घेऊन आलेल्या पेशंटची चिठ्ठी फॉर्मलाच टाचा, वेगळ्या फायलीत नको. चिठ्ठी नसल्यानं ‘सेल्फ’ लिहायचं असेल तर कारण डॉक्टरनं स्वतः लिहावं.

पत्त्याचा रकाना आपल्याकडे अवघड जातो. दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या की बाई कारखान्याच्या तळावर असते, उन्हाळ्यात तांड्यावर किंवा गावी. आम्ही दोन्ही लिहितो : कायमचा पत्ता आधार कार्डावरून, आणि सध्याचा म्हणजे कारखान्याचं नाव, मुकादमाचा किंवा घरच्या माणसाचा फोन. आरोग्य विभागाचा माणूस प्रसूतीची चौकशी करायला गेला आणि पत्ता खोटा निघाला, तर आधी संशय तुमच्यावर येतो.

अंगठा घेताना आता नियमच केलाय : साक्षीदार समोर उभा नसेल तर शाईचं पॅड उघडायचं नाही. सासू चहाला गेली असेल तर थांबायचं. दहा मिनिटांनी कुणाचं काही बिघडत नाही.

महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत जायला हवा. ऑनलाइन भरला तरी सही-शिक्क्याची प्रत द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अहवाल हा दिलेला अहवाल नव्हे. रेकॉर्ड किमान दोन वर्षं, आणि केस चालू असेल तर निकाल लागेपर्यंत. ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ हा फलक मराठी आणि इंग्रजीत, नोंदणीपत्र भिंतीवर, आणि कायद्याची एक प्रत खोलीत. नवीन मशीन, नवीन डॉक्टर, जागेतला बदल यांची सूचना ३० दिवस आधी द्यावी लागते. रेडिओलॉजिस्ट लग्नाला गेले म्हणून त्यांचे मित्र दोन दिवस येऊन बसले, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. नोंदणीत नाव नसलेल्या माणसानं मशीनच्या प्रोबला हात लावला की गुन्हा तिथंच घडला. त्यापेक्षा दोन दिवस सोनोग्राफी बंद ठेवा.

पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड. दंडाचं काही वाटत नाही हो. आरोप निश्चित झाले की कौन्सिल नोंदणी निलंबित करू शकते आणि दोषी ठरल्यावर ती पाच वर्षांसाठी जाते. खरा घाव तो.

गर्भपाताचं थोडक्यात : २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ मध्ये दोघांचं आणि तेही ठरलेल्या गटांतल्या स्त्रियांसाठी. सज्ञान बाईची स्वतःची संमती लागते; नवऱ्याची सही कायदा मागत नाही, तेव्हा तुम्हीही मागू नका. या नोंदींचं रजिस्टर पाच वर्षं ठेवायचं, वेगळ्या कुलपात. ते कुणालाही सहज दाखवायचं नसतं. गोपनीयता मोडली तर एक वर्षापर्यंत कैद आहे.

संमतीपत्र : छापील पानाखालच्या चार ओळी

समीरा कोहली खटल्याचा निकाल २००८ चा. तपासणीसाठी दुर्बीण घालायला भूल दिली होती. पेशंट बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन गर्भाशय काढलं. ऑपरेशन योग्य होतं की नाही हा मुद्दा बाजूला राहिला. पेशंट सज्ञान, जिवाला तातडीचा धोका नाही, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं, म्हणून आईची सही चालत नाही, असं सुप्रीम कोर्टानं सांगितलं. आता आपल्या संमतीपत्रांवर एक नजर टाका. सही बहुतेक वेळा नवऱ्याची असते, नाहीतर दिराची.

२०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून राज्यभर गदारोळ झाला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि बीडमधल्या खासगी हॉस्पिटलांना या ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांना तीन महिन्यांत लागू करायला सांगितल्या. कमी वयाच्या बाईचं गर्भाशय काढायचं असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट फायलीत असल्याशिवाय टेबलावर घेऊ नका.

छापील संमतीपत्र वापरा, पण खाली चार ओळी हातानं लिहा, मराठीत किंवा पेशंटच्या भाषेत. बायको असं लिहिते : "पाळीत जास्त रक्त जाते. गोळ्या तीन महिने घेतल्या, फरक नाही. ऑपरेशन न करण्याचे पर्याय सांगितले. पिशवी काढल्यावर मूल होणार नाही हे समजले." आणि त्याखाली त्या बाईची स्वतःची सही. नातेवाईक साक्षीदार म्हणून. तारखेबरोबर वेळही.

केसपेपर आणि भिंतीवरचं घड्याळ

आमच्या वॉर्डातलं घड्याळ ऑपरेशन थिएटरच्या घड्याळापेक्षा बारा मिनिटं पुढे होतं. सिस्टरनं ‘२.४० ला शिफ्ट केले’ लिहिलं, भूलतज्ज्ञांनी ‘२.३० ला भूल दिली’ लिहिलं. म्हणजे कागदावर पेशंटला वॉर्डातच भूल दिली गेली. त्या पेशंटचं सगळं नीट झालं म्हणून हे हसण्यावारी नेता आलं. तेव्हापासून दर सोमवारी आमचे वॉर्डबॉय मामा सगळी घड्याळं मोबाइलशी लावतात. बिनखर्चाचं काम आहे, उद्याच करा.

लिहायची पद्धत साधी. चूक झाली तर एक आडवी रेघ, शेजारी सही आणि वेळ. व्हाइटनर हॉस्पिटलात आणूच नका. फोनवर दिलेली ऑर्डर सिस्टरनं वेळेसह लिहायची, परत वाचून दाखवायची, आणि डॉक्टरनं सकाळी राऊंडला सही करायची. औषधांची जेनेरिक नावं, वाचता येतील अशी. दुसरीकडे पाठवताना, संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाला असो, अंबाजोगाईला असो की नांदेडला, निघतानाचा बीपी, नाडी, ऑक्सिजन, दिलेली औषधं आणि गाडी सुटल्याची वेळ लिहा. नुसतं ‘पुढील उपचारासाठी’ लिहिलेली चिठ्ठी तुमच्याच अंगावर येते.

भरती रुग्णांचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचं आणि मागितल्यावर ७२ तासांत प्रत द्यायची, असं २००२ चे आचारसंहितेचे नियम सांगतात. केसपेपर देत नाही म्हणणं हा सरळ गैरव्यवहार ठरतो. झेरॉक्स द्या, घेणाऱ्याची सही घ्या, मूळ कागद कपाटात. लहान मुलांचे आणि पोलीस केसचे कागद मी तीन वर्षांनीही टाकत नाही.

पोलीस केस, आणि सतरा वर्षांची गरोदर मुलगी

विषबाधा, जळीत, मारहाण, अपघात : आधी उपचार, मग कागद. सुप्रीम कोर्टाच्या परमानंद कटारा निकालापासून, म्हणजे १९८९ पासून, हे पक्कं आहे. पोलिसांना लेखी कळवा, दोन प्रतींत, आणि घेणाऱ्या हवालदाराचं नाव, बक्कल नंबर, वेळ दुसऱ्या प्रतीवर घ्या. फवारणीचं औषध प्यालेल्या शेतकऱ्याच्या पोटातून काढलेलं पाणी सीलबंद करून लेबलासह ठेवा. घरचे ‘चुकून गेलं’ म्हणाले तर त्यांचे शब्द त्यांचेच म्हणून लिहा, आपला निष्कर्ष त्यात घालू नका.

लैंगिक अत्याचाराची पीडिता दारात आली तर खासगी हॉस्पिटललाही तातडीचे उपचार मोफत द्यावे लागतात आणि पोलिसांना लगेच कळवावं लागतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७. नाकारलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद.

सगळ्यात जास्त पेच पडतो तो वेगळ्याच ठिकाणी. मुलीच्या गळ्यात मंगळसूत्र, सोबत सासू, पाचवा महिना, आणि आधारवर वय सतरा. सासू म्हणते, "लगीन झालंय की, डॉक्टरसाहेब." लग्नानं पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, बाजूला होत नाही. कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. मला मान्य आहे, हे जिवावर येतं. कळवलं की त्या मुलीचा नवरा आत जाईल, आणि पुढची मुलगी हॉस्पिटलात न येता घरीच बाळंत होईल, ही भीती खोटी नाही. पण कायद्यात डॉक्टरला इथं निवड ठेवलेली नाही. फक्त गर्भपाताच्या बाबतीत २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं थोडी वाट दिली : मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख उघड करायची गरज नाही. आम्ही सासूला बाहेर बसवतो, मुलीशी एकटीशी बोलतो, कळवावं लागणार आहे हे स्वच्छ सांगतो, आणि तपासणी थांबवत नाही. वयाचा पुरावा बघायची सवय काउंटरवर लावा, सोनोग्राफीच्या टेबलावर नको.

कचरा, वार आणि जिन्याचं कुलूप

पिवळी, लाल, निळी पिशवी आणि सुयांसाठी पांढरा न फुटणारा डबा, हे सगळ्यांना पाठ असतं. अडतं ते पुढे. कचरा ४८ तासांच्या वर ठेवता येत नाही. पावसात किंवा दिवाळीत गाडी आली नाही तर त्याच दिवशी एजन्सीला मेल किंवा मेसेज करा आणि रजिस्टरमध्ये लिहा. वजन रोज. पिशव्यांना बारकोड. वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत. मावशींना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, आणि ती दिल्याची नोंद. सुई टोचली तर ती घटनाही लिहायची.

बाळंतपणानंतर घरचे वार (प्लासेंटा) मागतात, पुरायला. रूढी जुनी आहे, पण वार पिवळ्या पिशवीतच जायला हवी. हे भरती करतानाच आजीला सांगितलं तर वाद होत नाही. बाळ झाल्यावर सांगितलं तर होतो.

आगीचं प्रमाणपत्र महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली येतं. यंत्रणा बसवल्यावर ‘फॉर्म ए’, आणि ती चालू असल्याचा ‘फॉर्म बी’ वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून. भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ ला नवजात कक्षात दहा बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अकरा रुग्ण. फॉर्म बी घेऊन फायलीत लावला की झालं, असं समजू नका. आज संध्याकाळी स्वतः जाऊन मागच्या जिन्याचं दार ढकलून पाहा. आमच्याकडे त्याला कुलूप होतं, चोरीच्या भीतीनं, आणि किल्ली मामांच्या घरी.

क्षयरोगाचा प्रत्येक रुग्ण ‘निक्षय’ या सरकारी पोर्टलवर, जन्म-मृत्यूची नोंद २१ दिवसांत, मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र विनामूल्य. एवढं त्याच पानावर खाली लिहून टाका.

हल्ला झाला, नोटीस आली

तोडफोड झाली तर २०१० चा राज्याचा कायदा आहे : दखलपात्र, अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. काचा झाडायच्या आधी फोटो काढा, सीसीटीव्हीचं फुटेज पेनड्राइव्हवर घ्या. फिर्यादीत २०१० च्या कायद्याचं नाव आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचा.

ग्राहक आयोगाची नोटीस आली की पाकिटावर मिळाल्याची तारीख टाका. उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा, वकील नंतर. आणि केसपेपरला हात लावू नका. एखादी गोष्ट लिहायची राहिली असेल तर राहू द्या. दोन वर्षांनी वेगळ्या शाईत आलेली ओळ राहिलेल्या ओळीपेक्षा कितीतरी महागात पडते.

फौजदारी तक्रार झाली तर घाबरून सगळं सांगत सुटू नका. सुप्रीम कोर्टाच्या जेकब मॅथ्यू निकालाप्रमाणे पोलिसांनी आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यायला हवं, ते घेतलं का हे विचारा. न्याय संहितेच्या कलम १०६ खाली उपचारातल्या निष्काळजीपणानं मृत्यू झाल्यास डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणजे विषय हलका नाही. पोलीस मूळ केसपेपर न्यायला येतील. देण्याआधी सगळ्या पानांना क्रमांक घाला, झेरॉक्स काढा, जप्ती पंचनाम्यात पानांची संख्या लिहून घ्या आणि प्रत मागा. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांचे चौतीस कागद गेले आणि कोर्टात एकतीसच आले. कुठले तीन कमी झाले, हे दाखवायला त्यांच्याकडे झेरॉक्स नव्हती.